शेजारी देशांतल्या दंतवैद्यांची मैत्री परिषद भरवताय? स्वागत समितीसाठी पायरीपायरीनं मार्गदर्शन

नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव इथल्या डेंटिस्टांना बोलावून मैत्री परिषद घ्यायची असं तुमच्या दंतवैद्य संघटनेच्या शाखेनं ठरवलं, आणि स्वागताची जबाबदारी पहिल्यांदाच तुमच्याकडे आली, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. छत्रपती संभाजीनगरात मी हे काम केलेलं आहे. हॉल, केटरिंग, स्टॉल यांची माहिती कुणीही देईल. पण पाहुणा परदेशातला म्हटलं की जे प्रश्न उभे राहतात, त्यांची उत्तरं एका जागी मिळत नाहीत. ती इथे सांगतो.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. ही मंडळी एवढा प्रवास करून येतात ती आपल्यासारखेच रुग्ण पाहणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरशी बोलायला मिळावं म्हणून. कागदपत्रं आणि धावपळ वेळेत उरकली, तरच त्या बोलण्याला वेळ उरतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. तारीख ठरवताना पाच देशांची कॅलेंडरं समोर ठेवा

मराठवाड्यात हवा चांगली असते ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे मध्ये पाहुण्यांना बोलावूच नका. पण हिवाळ्यातही अडचणी आहेत. नेपाळमध्ये दसैं-तिहार, म्हणजे तिथले दसरा-दिवाळी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात, तेव्हा तिथून कुणी निघणार नाही. १६ डिसेंबर हा बांगलादेशचा विजय दिवस आणि १७ डिसेंबर भूतानचा राष्ट्रीय दिन. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२७मध्ये तो फेब्रुवारीत सुरू होतो, २०२८मध्ये जानेवारीच्या अखेरीस. बांगलादेश आणि मालदीवची मंडळी हवी असतील तर तो महिना सोडा.

आपण सवयीनं शनिवार-रविवार धरतो. ढाका आणि मालेमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार असते. शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस ठेवले तर कुणाचंच क्लिनिक फार दिवस बंद राहत नाही.

तयारीच्या ऑनलाइन मीटिंगची वेळ कळवताना प्रत्येक देशाची स्थानिक वेळ लिहा. नेपाळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे, बांगलादेश आणि भूतान अर्धा तास पुढे, मालदीव अर्धा तास मागे. श्रीलंकेची वेळ आपलीच.

२. कुणाला व्हिसा लागतो, कुणाला नाही

इथे सरसकट एकच सूचना पाठवलीत तर गोंधळ ठरलेला. देशागणिक वेगळं पत्र करा.

नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना भारतात यायला व्हिसा लागत नाही. विमानानं येताना त्यांच्या सरकारचं मान्य फोटो ओळखपत्र चालतं, तरीही पासपोर्टच आणायला सांगा. पुढे हॉटेलात आणि वेरूळ-अजिंठ्याच्या तिकीटखिडकीवर तोच कामी येतो.

श्रीलंकेच्या डॉक्टरांना ई-व्हिसाची सोय आहे. त्यात परिषदेसाठी वेगळा प्रकार असतो, ई-कॉन्फरन्स व्हिसा. तो ३० दिवसांचा आणि एकदाच प्रवेश देणारा असतो. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. हा अर्ज फक्त भारत सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच करायचा, हे पत्रात ठळक लिहा. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या खासगी साइट्स कितीतरी आहेत आणि त्या भरमसाट शुल्क घेतात.

मालदीवच्या नागरिकांना पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. परिषदेसाठी येताना मात्र मालेमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाला आधी विचारून घ्यायला सांगा आणि त्यांचं उत्तर लेखी मागवा.

सर्वांत जास्त वेळ बांगलादेशला द्या. तिथे ई-कॉन्फरन्स व्हिसाची सोय नाही, भारतीय व्हिसा केंद्रात जाऊन अर्ज करावा लागतो. ऑगस्ट २०२४नंतर तिथली भारतीय व्हिसा सेवा बराच काळ मर्यादित राहिली. म्हणून ढाका, चितगावच्या पाहुण्यांची नावं सगळ्यांत आधी पक्की करा आणि त्यांची पत्रंही सगळ्यांत आधी पाठवा.

एक सापळा सांगून ठेवतो. ‘टुरिस्ट व्हिसावर या, कोण विचारतंय’ असा सल्ला आपल्यातलंच कुणीतरी हमखास देतं. तो ऐकू नका. विमानतळावर अडकतो तो पाहुणा, आणि त्याच्या पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जावर त्याचं सावट राहतं.

३. निमंत्रणपत्र: इथेच सगळ्यात जास्त काम आहे

आपल्याकडे निमंत्रण म्हणजे सोनेरी अक्षरांचं कार्ड. व्हिसा अधिकाऱ्याला ते नको असतं. त्याला संस्थेच्या लेटरहेडवरचं, सही-शिक्क्याचं, एका पानाचं साधं पत्र हवं असतं. त्यात पाहुण्याचं पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, परिषदेचं नाव, तारखा, ठिकाणाचा पूर्ण पत्ता, राहण्या-प्रवासाचा खर्च कोण करणार, आणि संपर्कासाठी एका जबाबदार माणसाचा फोन असावा.

नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर. बांगलादेशात पुष्कळांच्या पासपोर्टवर ‘मोहम्मद’चं लघुरूप छापलेलं असतं, आपण आदरानं पूर्ण लिहायला जातो आणि दोन कागदांवर दोन नावं होतात. श्रीलंकेत नावाआधी आद्याक्षरांची लांबलचक रांग असते आणि ती सगळी पासपोर्टात उलगडून लिहिलेली असते. भूतानमध्ये बऱ्याच जणांना आडनावच नसतं, त्यामुळे नोंदणीच्या फॉर्मात आडनावाचा रकाना सक्तीचा ठेवू नका. माझा नियम साधा आहे: नाव फोनवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजवरून घ्यायचं नाही, पासपोर्टच्या पहिल्या पानाचा स्कॅन मागवायचा आणि त्यावरून उतरवायचं. दोघांनी मिळून तपासायचं, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं पाहायचं. तो स्कॅन कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही.

आता शहराचं नाव. पत्रात आपण ‘छत्रपती संभाजीनगर’ लिहितो. पाहुणा विमानाचं तिकीट शोधायला बसतो तेव्हा बऱ्याच साइटवर त्याला ‘औरंगाबाद’ दिसतं. त्यात बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे. म्हणून पत्रात ‘छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचं औरंगाबाद, महाराष्ट्र’ असं लिहा, आणि विमानतळाचा कोड आयएक्सयू हाही द्या. ही एक ओळ घातली की पन्नास फोन वाचतात.

जवळ ठेवायची कागदपत्रं अशी. प्रत्येक पाहुण्याची वेगळी फाईल करा:

- पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत
- निमंत्रणपत्राची सही केलेली प्रत
- व्हिसा लागत असेल तर त्याची प्रत
- त्यांच्या देशातल्या डेंटल कौन्सिलच्या नोंदणीचा दाखला
- येण्या-जाण्याची तिकिटं
- हॉटेलचं बुकिंग
- आजार, औषधं, अ‍ॅलर्जी आणि घरच्या माणसाचा फोन
- व्याख्यान असेल तर त्याचा सारांश आणि स्लाइड्स

संस्थेच्या बाजूनं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, कार्यकारिणीचा ठराव आणि कार्यक्रमपत्रिका तयार हवी. ठरावाची प्रत कुठे ना कुठे मागतातच.

४. सरकारी मंजुऱ्या

कॉन्फरन्स व्हिसाच्या अर्जासोबत निमंत्रणाशिवाय परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी आणि गृह मंत्रालयाची कार्यक्रम मंजुरी यांची विचारणा होते. आपल्या विषयासाठी आरोग्य मंत्रालयाशीही पत्रव्यवहार येतो. यातलं नेमकं काय लागणार हे पाहुणे कुठल्या देशांचे आणि आयोजक कोण यावर ठरतं. म्हणून पाहुण्यांची देशवार यादी आधी करा, मग अर्ज. परिषदेच्या किमान चार महिने आधी हे काम हातात घ्या. संघटनेच्या मुख्य कार्यालयानं पूर्वी अशी परिषद घेतली असेल तर त्यांची जुनी फाईल मागून घ्या, मसुदे आयते मिळतात.

शहरात पोलीस आयुक्तालयाच्या विशेष शाखेला पाहुण्यांची यादी आणि कार्यक्रम लेखी कळवा. बीड, लातूर, परभणीकडे परिषद असेल तर पोलीस अधीक्षक कार्यालयाला. पोचपावती घ्यायला विसरू नका.

५. पैसे

परदेशी प्रतिनिधीनं परिषदेचं नोंदणी शुल्क भरलं तर ती परकीय देणगी धरली जात नाही, ते सेवेचं शुल्क असतं. पण तिकडच्या एखाद्या संस्थेनं किंवा कंपनीनं ‘परिषदेला मदत’ म्हणून रक्कम पाठवायची म्हटली, तर परकीय देणगी कायद्याची नोंदणी असल्याशिवाय ती स्वीकारू नका. शुल्कावरचा जीएसटी, वक्त्याच्या मानधनावरची करकपात या गोष्टी सीएला पहिल्याच बैठकीत बोलावून विचारा. माझ्या मते वक्त्यांना मानधन देण्याऐवजी राहणं-जेवण आणि देशांतर्गत प्रवास आपण करावा. हिशोब सरळ राहतो आणि समव्यवसायी मंडळींना ते जास्त आवडतं.

६. मुंबईत उतरल्यापासून आपल्या चिकलठाणा विमानतळापर्यंत

पाहुणे उतरणार मुंबई, दिल्ली किंवा हैदराबादला. तिथून आपल्याकडे विमानं मोजकी आहेत. संध्याकाळी उशिरा मुंबईत उतरणाऱ्याला त्याच दिवशीचं विमान गाठायला लावू नका, रात्री तिथेच मुक्काम द्या. डिसेंबर-जानेवारीत दिल्ली आणि काठमांडू दोन्हीकडे धुकं असतं, त्यामुळे नेपाळची मंडळी एक दिवस आधी पोचतील असंच तिकीट काढा.

रेल्वेनं आणायचं तर दिवसाची गाडी बघा, मुंबईहून वंदे भारत किंवा जनशताब्दी. देवगिरी पहाटे अवेळी पोचवते. तिकीट तुम्हीच काढून द्या, कारण भारतीय मोबाइल नंबरवर येणारा ओटीपी पाहुण्याला मिळत नाही. समृद्धी महामार्गावरून गाडीनं आणणंही आता सोयीचं आहे.

मुंबईत घ्यायला जाणाऱ्या स्वयंसेवकाच्या हातात पाहुण्याच्या नावाची पाटी इंग्रजीत आणि मोठ्या अक्षरात असू द्या. सोबत पाण्याची बाटली, आणि त्याच्या फोनचा हॉटस्पॉट सुरू. पाहुण्याला आधी घरी ‘पोचलो’ म्हणून कळवायचं असतं.

७. मुक्काम

परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलनं २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवायची असते. हॉटेलवाले त्याला सी-फॉर्म म्हणतात. बुकिंग करण्याआधी मॅनेजरला थेट विचारा, ‘सी-फॉर्म भरता का?’ उत्तर अडखळत आलं तर दुसरं हॉटेल बघा. काही छोटी हॉटेलं परदेशी पासपोर्ट पाहून ऐनवेळी खोली नाकारतात.

आपल्यातले बरेच जण प्रेमानं म्हणतात, ‘पाहुणे माझ्या घरी राहतील.’ फार चांगली गोष्ट. फक्त मग ती माहिती कळवण्याची जबाबदारी घरमालकावर येते.

८. झेंडे, बॅनर आणि मंच

झेंड्यांचं प्रूफ स्वतः पाहा. नेपाळचा झेंडा चौकोनी नसतो, एकावर एक दोन त्रिकोणी पताका असतात. फ्लेक्सवाला बाकीच्यांच्या रांगेत बसवायला तो ताणतो किंवा मागे पांढरा चौकोन टाकतो. बांगलादेशच्या झेंड्यातलं लाल वर्तुळ अगदी मध्यभागी नसतं, काठीच्या बाजूला किंचित सरकलेलं असतं. श्रीलंकेच्या सिंहाचं तोंड काठीकडे असतं. प्रिंट उलटी झाली की सिंहही उलटा होतो. ओळीत लावताना भारताचा ध्वज, समोरून पाहणाऱ्याच्या, सर्वांत डावीकडे आणि पुढे इतर देश इंग्रजी वर्णानुक्रमानं.

बॅनरवर नकाशा नकोच. नेटवरून उचललेल्या नकाशात आपल्या सीमा बहुधा चुकीच्या असतात. शिवाय २०२० पासून नेपाळनं लिपुलेख-कालापानीचा भाग आपल्या अधिकृत नकाशात दाखवला आहे. दात आणि हिरड्यांवर बोलायला आलेल्या माणसांमध्ये तो विषय उगाच उभा करायचा नाही.

सत्काराला शाल द्या, हिमरूची दिली तर उत्तम, कारण ती इथलीच आणि बॅगेत मावणारी. श्रीफळ देऊ नका, नारळ विमानाच्या केबिन बॅगेत नेऊ देत नाहीत. आणि पान-सुपारी ठेवण्याची आपली रीत या परिषदेपुरती बाजूला ठेवा. सुपारी कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४मध्येच नोंदवलं आहे. तोंडाच्या कर्करोगावर सत्र घेणाऱ्या मंडपाच्या दारात सुपारीचं तबक शोभत नाही. बडीशेप ठेवा.

उद्घाटनाची भाषणं आवरती घ्या. सांगायचंच असेल तर डॉ. रफीउद्दीन अहमद यांच्याबद्दल सांगा. कोलकात्यात १९२०मध्ये त्यांनी दंतमहाविद्यालय सुरू केलं, १९६४मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, आणि त्यांचा जन्म पूर्व बंगालचा, म्हणजे आजच्या बांगलादेशातला. ढाक्याहून आलेला डॉक्टर आणि आपण, दोघांचाही वारसा एकच आहे हे त्यातून आपोआप कळतं.

९. सत्रं अशी ठेवा की माणसं बोलतील

मोठ्या हॉलमध्ये एकामागून एक स्लाइड्स दाखवल्या तर मैत्री होत नाही. दुपारचा अर्धा दिवस गोल टेबलांसाठी राखा. प्रत्येक टेबलावर सहा-सात जण, शक्यतो प्रत्येक देशाचा एक, आणि प्रत्येकानं स्वतःच्या क्लिनिकमधली एक केस आणायची. फोटोत रुग्णाचा चेहरा ओळखू येता कामा नये आणि त्याची संमती असावी.

विषय शोधायला लांब जायला नको. गुटखा-सुपारीमुळे आखडलेलं तोंड आपल्याला रोज दिसतं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी रुग्ण येतच आहेत. बांगलादेशात पान-जर्दा, भूतानमध्ये डोमा (चुना लावलेलं पान-सुपारी), श्रीलंकेत पानाचा विडा, नेपाळमध्ये खैनी आणि गुटखा. आमच्या एका टेबलावर मिश्रीची डबी नमुना म्हणून ठेवली होती. ढाक्याच्या एका डॉक्टर ताईंनी झाकण उघडलं, चिमूटभर बोटावर घेऊन वास घेतला आणि म्हणाल्या, आमच्याकडे याला गुल म्हणतात, बायका अशाच बोटानं हिरड्यांना चोळतात. मग आमच्या बीडच्या सहकाऱ्यानं ऊसतोडीच्या बायकांबद्दल सांगितलं: पहाटे अंधारात कोयता हातात घेण्याआधी भूक मारायला मिश्री. ‘सोडा’ म्हणून त्या सोडत नाहीत, मग तुम्ही काय सांगता, यावर ते टेबल चहाची वेळ उलटून गेली तरी उठलं नाही. असं टेबल दिसलं तर घंटा वाजवू नका.

दुसरा विषय फ्लोरोसिस, म्हणजे पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे दात डागाळणं. नांदेड, बीड, परभणीकडच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलेली गावं आहेत, आणि श्रीलंकेच्या उत्तर-मध्य भागात, अनुराधपुराकडे, हीच तक्रार आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम आहे. डागाळलेल्या दातांवर काय उपचार करता, शाळेतल्या मुलांना काय सांगता, पाण्याची तपासणी कोण करतं, असे थेट प्रश्न लिहून टेबलावर ठेवा.

प्रात्यक्षिकाबद्दल स्पष्ट राहा. भारतात रुग्णावर उपचार करायचे तर इथली नोंदणी लागते, त्यामुळे पाहुण्या डॉक्टरांनी रुग्णाच्या तोंडात हात घालायचा नाही. त्यांची कार्यशाळा टायपोडॉंटवर (सरावासाठीची कृत्रिम दातांची कवळी) किंवा फँटम हेडवर (सरावासाठीचं कृत्रिम डोकं) ठेवा. शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, खासगी महाविद्यालयही आहे; लातूर, नांदेड, परभणीतही आहेत. प्रयोगशाळा मिळण्यासाठी अधिष्ठात्यांना लवकर पत्र द्या. आपल्या सभासदांना क्रेडिट पॉइंट मिळावेत म्हणून राज्य दंत परिषदेकडेही आधीच अर्ज करा, परिषद झाल्यावर काही करता येत नाही.

१०. जेवण

फॉर्ममध्येच विचारा: शाकाहारी, मांसाहारी, हलाल, आणखी काही पथ्य. हलाल मटणाचा नान-खलिया हे या शहराचं खास जेवण आहे, ते एका रात्री ठेवाच. शाकाहारी मंडळींसाठी ज्वारीची भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी. भात प्रत्येक जेवणात भरपूर हवा, श्रीलंका, बांगलादेश आणि नेपाळ तिन्हीकडची मंडळी भातावर वाढलेली. ठेचा वेगळ्या वाटीत द्या. भूतानच्या स्वयंपाकात मिरची ही भाजीच असते, तिथली मंडळी ठेचा आनंदानं घेतील. बाकीच्यांना आधी सांगा.

परिषद डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीत असेल तर एका संध्याकाळी सगळ्यांना हुरड्याला शेतावर न्या. आगटीत भाजलेलं कणीस हातावर चोळायचं, फुंकून कोंडा उडवायचा, आणि गरम दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायचे. हे करताना कुणी प्राध्यापक राहत नाही, कुणी प्रमुख पाहुणा राहत नाही.

११. वेरूळ-अजिंठा

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. परिषद रविवारी संपली आणि तुम्ही सोमवारी बस अजिंठ्याला काढलीत तर शंभर किलोमीटर जाऊन दारातून परत यावं लागेल. सोमवारी वेरूळ ठेवा, अजिंठा परिषदेच्या आधी गुरुवारी.

तिकिटाची गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. या लेण्यांना परदेशी पर्यटकाला ६०० रुपये तिकीट असतं, पण सार्क आणि बिमस्टेक या शेजारी देशांच्या गटांतल्या नागरिकांना भारतीयांइतकंच, ४० रुपये. आपले पाचही देश त्यात येतात. खिडकीवर पासपोर्ट दाखवावा लागतो, तो खोलीत ठेवून कुणी निघालं नाही ना हे बस सुटण्याआधी विचारा.

अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटवर थांबते, पुढे तिथल्या बसनं जायचं. वयस्कर मंडळींसाठी डोलीची सोय आहे. आत फ्लॅश चालत नाही. श्रीलंकेचे पाहुणे असतील तर गाइडला आदल्या दिवशी सांगून ठेवा की लेणे क्रमांक १७मध्ये जास्त वेळ थांबायचं आहे. तिथल्या भिंतीवर सिंहल राजाच्या लंकेवरच्या स्वारीचं चित्र आहे, हत्ती-घोड्यांसह नावांतून उतरणारं सैन्य. आपल्या देशाची कथा मराठवाड्याच्या डोंगरात रंगवलेली आहे हे त्यांना कुणीतरी नीट दाखवायला हवं.

१२. निरोपानंतरचा आठवडा

प्रमाणपत्र हातात देऊन काम संपत नाही. काही पाहुण्यांना त्यांच्या कौन्सिलसाठी किंवा रुग्णालयाच्या रजेसाठी तासांचा उल्लेख असलेलं उपस्थितीपत्र लागतं. ते आठवड्याच्या आत ईमेलनं पाठवा, नाव पासपोर्टप्रमाणे. गोल टेबलावर निघालेल्या केसेसची टिपणं एकत्र करून सगळ्यांना द्या. ज्या दोघांचं एका केसवर बोलणं अर्धवट राहिलं असेल त्यांना एकमेकांचा ईमेल, दोघांनाही विचारून, कळवा. पोलीस आयुक्तालयाला कार्यक्रम पार पडल्याचं एक पत्र द्या आणि सगळ्या फायली पुढच्या समितीसाठी एका कपाटात ठेवा. पासपोर्टच्या प्रती मात्र हिशोब पूर्ण झाल्यावर नष्ट करा.